आधी चिंधी

आमच्या मॅडमच्या पर्समध्ये कंगवा नसायचा, चिंध्या असायच्या. एका मोठ्या सेफ्टी पिनेत ओवलेल्या: सुती, टेरिकॉट, रेशमी, मध्येच एखादा लोकरीचा तुकडा. अमरावतीच्या ज्या कॉलेजात मी बी.एस्सी. केलं, तिथं त्या रसायनशास्त्र शिकवायच्या. मुलं पाठीमागं त्यांना चिंधी मॅडम म्हणत आणि हे त्यांना ठाऊक होतं. एकदा कुणीतरी फळ्यावरच तसं लिहून ठेवलं. त्यांनी डस्टर उचललं, थांबल्या, एका अक्षराचा कोपरा आधी बोटानं पुसून पाहिला आणि म्हणाल्या, "खडूच आहे. मार्कर असता तर फासला असता." मग सगळं पुसून त्यांनी तास सुरू केला.

चिंध्या कशाला? डागांसाठी. कॉलेजात कुणाच्या कपड्यावर हळद सांडो, ग्रीस लागो, बॉलपेन फुटो, माणूस मॅडमकडं यायचा. त्या कधीच "कसा काढायचा" यापासून सुरुवात करत नसत. "कशाचा आहे?" हा पहिला प्रश्न. मग कपडा कशाचा, रंग पक्का की कच्चा. मग पर्समधली तशाच कापडाची चिंधी निघायची, तिच्यावर तोच डाग पाडला जायचा आणि त्याच्यावर प्रयोग व्हायचा. एवढ्या वेळात माणूस कंटाळून घरी जाऊन साबणानं घासून मोकळा व्हायचा. मॅडमना त्याचं काही वाटत नसे. "आधी चिंधी, मग साडी," असं म्हणून त्या चिंधीवरचा प्रयोग पूर्ण करायच्याच. साडी गेली तरी उत्तर हवं.

ही सवय घरची होती. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडं, त्यांच्या अब्बांचं रंगाऱ्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकाचा दुपट्टा ते कधी थेट रंगाच्या भांड्यात टाकत नसत. किनारीतला एक धागा ओढून तो आधी बुडवायचे. मॅडम सांगायच्या, "काय होतं ते अब्बांना माहीत होतं. का होतं ते मला पाहिजे होतं. त्यासाठी एम.एस्सी. केलं." लग्नानंतरही त्या अकोल्यातच राहिल्या. रोज रेल्वेनं बडनेऱ्याला यायच्या आणि तिथून ऑटोनं कॉलेजात. ऑटोवालाही एकदम ठरवला नव्हता म्हणे. आधी त्याच्याबरोबर फक्त राजकमल चौकापर्यंत जाऊन पाहिलं होतं.

चिंधीचा हा कायदा त्या सगळीकडं लावत. नवे प्राचार्य आले तेव्हा विभागाला नवीन फ्यूम हूड हवा होता, विषारी वाफा बाहेर ओढून नेणारा. मॅडमनी आधी खडूच्या एका डब्यासाठी अर्ज केला. आम्ही हसलो. त्या म्हणाल्या, "हसू नका. चिंधी टाकली आहे. डबा किती दिवसांत येतो त्यावरून हूडचा अर्ज कसा लिहायचा ते ठरेल." डबा दुसऱ्या दिवशी आला. हूडही आला. आणि स्वतःच्या लग्नाबद्दल त्यांनी आम्हा मुलींना एकदा प्रयोगशाळेत सांगितलं. होणाऱ्या नवऱ्याला रसवंतीवर बोलावलं आणि मुद्दाम भरपूर उशिरा गेल्या, चिडतो का पाहायला. "चिडले नाहीत, म्हणून हो म्हटलं. पण चिंधी लहान घेतली मी. घोरतात ते नाही समजलं."

मी हिवरखेडची. दहावीपर्यंत गावात, मराठी माध्यमात. माझे बाबा हिवरखेड ते अकोट काळीपिवळी जीप चालवायचे आणि थोडी शेती बघायचे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहणारी मी पहिली. पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत काचेच्या वस्तूंचीच मला इतकी भीती वाटायची, की परीक्षानळी मी दोन्ही हातांनी धरायची. पहिल्याच प्रात्यक्षिकात एक अनोळखी पावडर दिली होती. मी तिच्यात पाणी ओतलं. मॅडम मागं उभ्या होत्या.

"काहून ओतलं पाणी?"

"टाकतात म्हणून."

"कोण टाकतात?"

मी इंग्रजीत काहीतरी जुळवायला लागले, तशा त्या म्हणाल्या, "मराठीत बोल. रेणूला इंग्रजी येत नाही." त्या दिवसापासून मला तो विषय आपला वाटायला लागला. आज मी चांदूर रेल्वेला ज्युनिअर कॉलेजात हाच विषय शिकवते आणि वर्गात हेच वाक्य न लाजता वापरते.

ध्रुवीयता त्यांनी आम्हाला गोधडीनं शिकवली. एका गोधडीत दोघं भाऊ झोपलेत, त्यातला एक दांडगा. तो झोपेत गोधडी आपल्याकडं ओढतो. दुसरा अर्धा उघडा पडतो. अणूंचंही तसंच. इलेक्ट्रॉनची गोधडी दोघांत सामायिक असते, पण ज्याची ओढ जास्त त्याच्याकडं ती सरकते. त्या बाजूला थोडा ऋण भार, उघड्या बाजूला थोडा धन. पाण्यात ऑक्सिजन हा दांडगा भाऊ, म्हणून पाण्याच्या रेणूला दोन टोकं पडतात. तो ध्रुवीय. मीठ, साखर, शाईतले बरेचसे रंग यांच्यातही अशी टोकं असतात. पाणी त्यांना टोकांनी पकडतं आणि एकेक रेणू सुटा करून नेतं. तेलात, मेणात, प्लास्टिकच्या चिकटवणात ही ओढाताण जवळपास नाही. पाण्याला धरायला तिथं काही सापडतच नाही. त्यासाठी हेक्झेनसारखा, तसाच टोकं नसलेला द्रावक लागतो, तोच जो अकोल्याच्या एमआयडीसीत सोयाबीनचं तेल काढायला वापरतात.

"आणि मॅडम, कार्बन डायऑक्साइड?" एका मुलानं विचारलं होतं. "त्याच्यात तर दोन ऑक्सिजन आहेत. दोन दांडगे."

"दोन दांडगे, पण दोन बाजूंना. मधला भाऊ दोन्हीकडून सारखाच ओढला जातो. भांडण आहे, पण बेरीज शून्य. म्हणून अख्खा रेणू अध्रुवीय. नुसते बंध बघून रेणूचं लग्न ठरवू नको, तो बसलाय कसा तेही बघ."

स्पिरिटला त्या सोयरिक जमवणारा मध्यस्थ म्हणायच्या. एक टोक पाण्याच्या जातीचं, दुसरं तेलाच्या, दोन्हीकडच्या पंगतीला बसतो. "म्हणून स्पिरिटपासून जपा. तो कुणालाही उठवून नेतो." आणि सारखं सारख्यात विरघळतं, हे पुस्तकातलं वाक्य कुणी फेकलं, की त्या ताबडतोब विचारायच्या, "किती सारखं? अर्धं वाक्य पाठ करून आला तू." हे सगळं मी परीक्षेसाठी लिहून घेतलं होतं. पुढं ते आमच्या घराच्या कामाला येईल, असं काही वाटलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी मला जातपडताळणी करून घ्यायची होती. आमच्याकडं एकच जुना पुरावा होता, माझ्या आजोबांचा चौथीचा शाळेचा दाखला. छापील फॉर्म, हेडमास्तरांनी टाकानं भरलेला, खाली जांभळा गोल शिक्का. शाळेतून दुसरी प्रत मिळण्यासारखी नव्हती. त्या काळातलं रजिस्टर वाळवीनं केव्हाच खाल्लं होतं. बाबांना त्या कागदाची किंमत पुरेपूर ठाऊक होती. आणि म्हणूनच, पावसात जीपमध्ये भिजू नये, घड्यांवर फाटू नये, म्हणून त्यांनी अकोल्याला जाऊन तो लॅमिनेट करून आणला होता. त्यांच्या जीपची कागदपत्रं तशीच तर टिकली होती. घरात जपण्यासारखं जे जे होतं, ते त्यांनी त्याच दिवशी त्याच दुकानात प्लास्टिकमध्ये घातलं. आमच्याकडच्या किती बापांनी हे केलं असेल.

पडताळणीच्या ऑफिसातून तो दाखला परत आला. समोरचे साहेब भले होते. म्हणाले, "मूळ कागदच आहे असं तुम्ही म्हणता. पण शाई तपासायची तर कागदाला हात लागला पाहिजे. हे प्लास्टिक काढून आणा." पुढची तारीख मिळाली. तोवर दाखला उघडा झाला नाही तर प्रकरण मागं पडणार, आणि प्रवेशाची यादी काही माझ्यासाठी थांबणार नव्हती. झेरॉक्सच्या दुकानात विचारलं तर तो म्हणाला, इस्त्री फिरवा आणि ओढा. त्यानं ओढून दाखवलेल्या नमुन्याचा अर्धा कागद प्लास्टिकबरोबर गेला. रस्त्यात मी म्हटलं, "बाबा, मॅडमकडं जाऊ."

बाबा पहिल्यांदाच माझ्या प्रयोगशाळेत आले. चपला बाहेर काढून, घरच्या कागदांची पिशवी काखेत घेऊन आले. मॅडम म्हणाल्या, "भाऊ, घाला चपला. इथं खाली काचा असतात."

"मॅडम, चूक माझीच होय," बाबा म्हणाले. "मले वाटलं, कागद आता जलमभर टिकते."

"टिकलाच आहे. तोच तर त्रास आहे." मॅडमनी दाखला उजेडात धरला. "कशाचा आहे ते बघू आधी."

त्यांनी मला एक जुनी वही फाडायला लावली. तिच्या पिवळ्या पानावर शाईपेननं चार ओळी लिहिल्या, विभागाचा जांभळा शिक्का मारला आणि बाबांना तसंच लॅमिनेशन करून आणायला पाठवलं. बाबांना काही समजेना. कागद सोडवायला आलो तर ही बाई आणखी एक अडकवते आहे. ते घेऊन आल्यावर मॅडमनी त्याच्या पट्ट्या कापल्या आणि कडा उघड्या केल्या.

"स्पिरिट लावा न मॅडम," बाबा म्हणाले. "दवाखान्यात सगळं स्पिरिटनंच पुसतेत."

"लावते." त्यांनी एक पट्टी स्पिरिटमध्ये सोडली. प्लास्टिक तसंच चिकटून राहिलं आणि उघड्या कडेनं शिक्क्याचा जांभळा रंग धुरासारखा बाहेर निघाला.

"अरे बाप्पा! शिक्का गेला!" बाबांनी टेबलाची कड धरली.

"घाबरू नका भाऊ, ही चिंधी आहे. आता समजलं ना, साडीला काय नाही लावायचं?" मग माझ्याकडं वळून, "तू सांग. काहून गेला?"

मी सांगितलं. शिक्क्याचा रंग टोकं असलेला, ध्रुवीय. चिकटवण अध्रुवीय. स्पिरिटनं सोबतीला रंग नेला आणि चिकटवण मागं ठेवलं. आपल्याला उलटं पाहिजे. बाबा माझ्या तोंडाकडं बघत होते. मी काय शिकते ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि मीही कधी सांगितलं नव्हतं.

दुसरी पट्टी टोल्युईनमध्ये, हाही हेक्झेनसारखा टोकं नसलेला द्रावक. ही आम्ही हूडखाली ठेवली, ट्रेवर काच झाकून. याची वाफ पेट घेते, म्हणून मॅडमनी गॅसचा मुख्य नळ बंद करून घेतला. कँटीनमध्ये चहा पिऊन येईपर्यंत प्लास्टिकची कड वर वळली होती. नंतर ते सायीसारखं अलगद निघालं. शिक्का जागच्या जागी, अक्षरं जागच्या जागी. मी टाळीच वाजवली. "मॅडम, आता खरा टाकू?"

त्यांनी खरा दाखला हातात घेतला आणि भिंग मागितलं. माणूस जसा पोथी वाचतो तसा त्यांनी तो ओळीओळीनं वाचला. एका ओळीशी थांबल्या.

"ही जन्मतारीख अक्षरी कुणी लिहिली?"

बाबांनी आठवून सांगितलं. मूळ दाखल्यात ती जागा रिकामी होती. आजोबांनीच पुढं केव्हातरी शाळेत जाऊन भरून घेतली होती, बाजूला हेडमास्तरांची छोटी सही आहे.

"टाकानं नाही. बॉलपेन आहे. बघ, कागदाला खाच पडली आहे आणि रेघ चमकते." त्यांनी दाखला खाली ठेवला. "याची चिंधी कुठं आहे?"

बॉलपेनची शाई वेगळी असते, घट्ट, तेलकट. जो टोल्युईन शिक्क्याला सोडून देतो, तो हिला सोडेलच असं नाही. आणि साहेब नेमकी तीच ओळ बघणार. मॅडमना ताजं बॉलपेन नको होतं, जुनं हवं होतं, तशाच प्लास्टिकमधलं. त्या बाबांच्या पिशवीकडं बघत म्हणाल्या, "भाऊ, त्या दिवशी आणखी काय काय लॅमिनेट केलं होतं?"

बाबांनी पिशवीतला गठ्ठा काढला. आजीचा फोटो, आईबाबांच्या लग्नाचा फोटो, आणि माझं चौथीचं प्रमाणपत्र. वर्गात प्रथम क्रमांक. गुरुजींनी डावीकडं माझं नाव आणि उजवीकडं 'प्रथम क्रमांक' बॉलपेननं लिहिलेलं. मी ते पुढं केलं. बाबांनी त्याच्यावर हात ठेवला.

"हे नाई."

"बाबा, द्या न. चौथीचं तर आहे."

"तुले काय, तुले दुसरे भेटतीन. हा पयला होय."

मॅडम स्टूल ओढून बाबांसमोर बसल्या. "भाऊ, जबरदस्ती नाही. आपण दुसरा कागद शोधू. पण तो दुसऱ्या दुकानातला असेल, त्याचं चिकटवण दुसरं असेल. हा तुमच्या दाखल्यासोबत एकाच दिवशी, एकाच यंत्रातून निघाला आहे. यापेक्षा खरी चिंधी मला मिळणार नाही. आणि मी खोटं सांगत नाही, याचं नुकसान होऊ शकतं."

बाबांनी प्रमाणपत्राकडं पाहिलं, दाखल्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "हिच्यासाठीच होय न सगळं," असं काहीतरी पुटपुटून त्यांनी हात उचलला.

मॅडमनी कात्री मला दिली. मी प्रमाणपत्र मधोमध कापलं. नावाचा भाग टोल्युईनमध्ये गेला, 'प्रथम क्रमांक' हेक्झेनमध्ये. हेक्झेनची पकड टोल्युईनपेक्षा सौम्य, तो चिकटवणाला हळूहळू फुगवतो. तोवर टोल्युईनमधलं प्लास्टिक सुटलंसुद्धा, आणि माझं नाव निळ्या ढगासारखं कागदभर पसरलं. बाबा ते बघत होते. मी बघू शकले नाही. हेक्झेनच्या ट्रेशी मात्र आम्ही तिघं दुपार कलेपर्यंत बसलो. शेवटी मॅडमनी चिमट्यानं कड उचलली. प्लास्टिक नाखुशीनं, पण अख्खं निघालं. 'प्रथम क्रमांक' जसा गुरुजींनी लिहिला तसा होता, एक रेघ हलली नव्हती.

"आता साडी," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आजोबांचा दाखला हेक्झेनमधून उघडा झाला. शिक्का, टाकाची अक्षरं, बॉलपेनची ती ओळ आणि बाजूची छोटी सही, सगळं जागेवर. वाळल्यावर मॅडमनी तो बाबांच्या हातात दिला. बाबांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला. किती वर्षांनी त्यांच्या हाताला तो कागद लागत होता. "खरबुडा हाये," एवढंच म्हणाले.

ऑफिसातल्या साहेबांनीही तसाच अंगठा फिरवला. "कसं काढलं हो?" त्यांनी सहज विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बाबा सुरू झाले. "त्याचं असं हाये सायेब, शिक्क्याले दोन टोकं असतेत. स्पिरिट पकडते त्याले. म्हून पयले चिंधी पाह्यली..." साहेबांनी पेन खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं. मागं रांग उभी होती. मला पडताळणी मिळाली, एम.एस्सी. मिळालं, आणि आज जे आहे ते त्याच्यामागून आलं.

नोकरीचा आदेश आला तेव्हा मॅडम निवृत्त झाल्या होत्या. मी त्यांना अकोल्याहून हिवरखेडला जेवायला आणलं. आल्या आल्या भिंतीपाशी थांबल्या. बाबांनी त्या प्रमाणपत्राचे दोन्ही तुकडे शेजारी शेजारी लाकडी चौकटीत लावले होते. डावीकडं निळा ढग, उजवीकडं 'प्रथम क्रमांक'. येणारा-जाणारा विचारतो, नंबर कोणाचा, नाव तर फासलं. बाबांना तेवढंच पाहिजे असतं. गोधडीपासून सुरू करतात.

"भाऊ, उघडंच ठेवलं?" मॅडम म्हणाल्या. "धूळ बसेल. काच तरी लावायची."

"लावतो न मॅडम." बाबांनी त्यांना ओसरीत नेलं. तिथं खिळ्याला दुसरी एक चौकट होती. आत जुन्या कॅलेंडरचं पान, त्याच्यावर बॉलपेननं चार ओळी, वरून काच घट्ट बसवलेली. "पयले याले लावली. पावसाळ्यात आत दमट धरते का, शाई काचेले चिकटते का, ते पाहून राहिलो."

मला हसू आलं. मॅडमना नाही. त्यांनी चष्मा पुसला, काचेजवळ गेल्या, आणि विचारलं, "केव्हापासून ठेवली आहे?" मग दोघंही त्या चौकटीसमोर वाकून, एका कडेला दिसणाऱ्या वाफेच्या पुसट रेषेबद्दल बोलत राहिले. आतून आईनं पानं वाढल्याची हाक दिली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.